गुपित कागद आणि आत्मचरित्राचा मोह

अमेरिकेतल्या एका आरोपपत्रात पुठ्ठ्याची खोकी पानोपानी भेटतात. जानेवारी २०२१मध्ये ती व्हाइट हाउसमधून निघतात, फ्लोरिडातल्या मार-अ-लागो क्लबात उतरतात आणि तिथे त्यांचा मुक्काम सारखा हलत राहतो. आधी नृत्यदालनाच्या रंगमंचावर, मग कचेरीच्या एका खोलीत, मग स्नानगृहात, शेवटी तळमजल्यावरच्या कोठारात. आरोपपत्रात छायाचित्रेही आहेत. एकात झुंबराखाली, कमोडच्या शेजारी खोक्यांची चळत दिसते. दुसऱ्यात खोके कलंडून त्यातले कागद जमिनीवर सांडले आहेत. या क्लबात जानेवारी २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात लग्ने, चित्रपटांचे पहिले खेळ, निधिसंकलनाचे मेळावे असे दीडशेहून अधिक समारंभ झाले आणि त्यांना हजारो पाहुणे आले, हे वाक्य मजकुरात अगदी कोरडेपणाने येते. त्यावर टिप्पणी म्हणून एक शब्दही नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचे हे आरोपपत्र ८ जून २०२३चे. विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांनी ते ग्रँड ज्युरीकडून मिळवले. त्यानंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, दुसरे विशेष सरकारी वकील रॉबर्ट हर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा विषयही तोच होता, गोपनीय कागद घरी ठेवणे. माणूस मात्र वेगळा, तेव्हाचे विद्यमान अध्यक्ष जो बायडन. आरोपपत्र पन्नासेक पानांचे, तर अहवाल साडेतीनशेच्या आसपास पानांचा. राजकारणाच्या बाजारात हे दोन्ही मजकूर एकमेकांविरुद्ध वापरून झाले. 'आमच्याला शिक्षा, तुमच्याला सूट' हा त्या वापराचा सारांश. परंतु दोन्ही एकापाठोपाठ एक, शेजारी ठेवून, मजकूर म्हणून वाचले तर त्यांतून एक वेगळीच गोष्ट वर येते, आणि साहित्याच्या वाचकाला ती ओळखीची वाटावी अशी आहे. कायदा यांत हेर शोधायला निघतो आणि त्याच्या हाती लागतो आत्मचरित्रकार.

हेर शोधायला, असे म्हणण्याचे कारण कायद्याच्या जन्मात आहे. ज्या कलमाखाली ट्रम्प यांच्यावर मुख्य आरोप ठेवले गेले ते १९१७च्या हेरगिरी कायद्यातले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर दोन-अडीच महिन्यांत तो झाला. त्याच्यापुढे होते बंदरांचे नकाशे, जहाजांच्या हालचाली आणि शत्रूचे हस्तक. कागदांवर 'गोपनीय', 'टॉप सीक्रेट' असे शिक्के मारण्याची आजची पद्धत नंतरची. ती अध्यक्षीय आदेशांतून आली, आणि या कलमात तर आजही 'गोपनीय' हा शब्दच नाही. 'राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती' एवढेच तिथे म्हटले आहे. अशी माहिती ज्याच्याकडे अनधिकृतपणे आहे आणि जो ती जाणूनबुजून स्वतःजवळ ठेवतो, ती घ्यायला पात्र असलेल्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करत नाही, तो दहा वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र. खटल्याचा सारा भार मग त्या 'जाणूनबुजून' शब्दावर येऊन पडतो. कागद सापडला, शिक्का सापडला, घर सापडले, तरी पुरत नाही. मन सापडावे लागते. म्हणजे अभियोक्त्याला नाइलाजाने व्यक्तिचित्र लिहावे लागते.

जॅक स्मिथ हे काम वस्तूंकडून करून घेतात. ट्रम्प यांच्या मनात काय होते, याबद्दल ते जवळजवळ काहीच म्हणत नाहीत. हेतू कोणता, पैसा की सूड की हौस, हे आरोपपत्रात नाही. त्याऐवजी तारखा आहेत, खोक्यांच्या हालचाली आहेत आणि ट्रम्प यांचीच जुनी विधाने आहेत. २०१६च्या प्रचारात गोपनीय माहितीच्या रक्षणाबद्दल त्यांनी दिलेल्या ग्वाह्या आरोपपत्र एकाखाली एक मांडते आणि पुढे जाते. पात्राला त्याच्याच तोंडून उघडे पाडायचे आणि निवेदकाने बाजूला उभे राहायचे, ही रीत कथाकारांना नवी नाही. सरकारी वकिलाच्या लेखणीतून ती इतक्या संयमाने उतरलेली पाहणे दुर्मीळ.

परंतु या मजकुराचा खरा गाभा मला वेगळ्या दोन जागी दिसतो. पहिली जागा खोक्यांतल्या सामानाच्या वर्णनाची. त्यांत वर्तमानपत्रे, कात्रणे, पत्रे, टिपणे, कार्डे, छायाचित्रे आणि सरकारी कागद सरमिसळ होते, असे आरोपपत्र सांगते. हेराची पेटी अशी नसते. हेर निवडून घेतो. आपल्याकडे एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या माळ्यावर मानपत्रे, लग्नपत्रिका, सत्काराची कात्रणे आणि जुनी बिले एकाच ट्रंकेत सापडतात, तिच्याशी या खोक्यांचे नाते अधिक जवळचे आहे. फरक इतकाच की या ट्रंकेत अण्वस्त्रांविषयीची माहितीही होती. खोकी हलवणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांचे मोबाइलवरचे संदेशही आरोपपत्रात आले आहेत. एक विचारते, त्यांना फक्त कागदांचीच फिकीर आहे का, बाकी सामान कोठारात टाकू का? उत्तरात त्या खोक्यांना 'अ ब्यूटिफुल माइंड'ची खोकी म्हटले आहे. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरच्या त्या चित्रपटात कात्रणांनी भरलेल्या भिंती आहेत, आणि त्या कात्रणांत फक्त त्यालाच दिसणारा अर्थ आहे. मालकाच्या नादाला नोकरांनी ठेवलेले हे नाव. संपूर्ण आरोपपत्रात मनोविश्लेषणाची म्हणावी अशी एवढीच जागा, आणि तीही अभियोक्त्याची नाही.

दुसरी जागा २१ जुलै २०२१ची, न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर येथील क्लबातली. ट्रम्प यांच्यासमोर एक लेखक, एक प्रकाशक आणि दोन कर्मचारी बसले आहेत. गोपनीय कागद पाहण्याची परवानगी त्यांच्यापैकी एकालाही नाही. ट्रम्प यांचे एकेकाळचे मुख्य सचिव मार्क मेडोज यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे काम चालू आहे, आणि ध्वनिमुद्रण सुरू आहे. एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्याविरुद्ध केलेल्या आरोपाला उत्तर म्हणून ट्रम्प एका परदेशावरच्या हल्ल्याचा आराखडा काढतात आणि हा पाहा पुरावा, अशा थाटात दाखवतात. हा अजून गुप्त आहे, अध्यक्ष असताना मी तो खुला करू शकलो असतो, आता करू शकत नाही, असेही ते त्याच दमात सांगतात. कायद्याला हवे असलेले 'जाणूनबुजून' याहून स्पष्ट कुठे मिळणार? पण हे घडते आहे कशासाठी, तर चरित्रकाराला आपली बाजू पटवण्यासाठी. परक्या देशाचा हस्तक त्या खोलीत नाही. आहे तो टेप लावून बसलेला लेखक. जुलै २०२३मध्ये आरोपपत्राची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा या कागदासाठी स्वतंत्र, बत्तिसावा आरोप जोडला गेला.

आता हर यांचा अहवाल. तिथेही टेप आहे आणि तिथेही लेखक आहे. उपाध्यक्षपदावरून उतरल्यावर, फेब्रुवारी २०१७मध्ये, बायडन व्हर्जिनियातल्या भाड्याच्या घरात आपल्या आठवणींच्या पुस्तकासाठी शब्दांकनकाराशी बोलत होते. गोपनीय सामान आताच खाली सापडले, असे ते बोलता बोलता सांगून जातात. आपल्या वह्यांतल्या नोंदी ते त्याला वाचून दाखवतात, त्यांपैकी गोपनीय नोंदी निदान तीनदा जवळजवळ शब्दशः, असे अहवाल म्हणतो. चौकशीची बातमी आल्यावर शब्दांकनकाराने ध्वनिमुद्रणे पुसली. तपासयंत्रणेने ती बहुतांशी परत मिळवली.

ट्रम्प यांच्या बाबतीत आरोपपत्र ज्याबद्दल मौन पाळते तो हेतू हर यांच्या अहवालात सविस्तर येतो. बायडन यांच्या डेलावेअरच्या घरातल्या गॅरेजमध्ये अफगाणिस्तानविषयीचे कागद एका फाटक्या खोक्यात मिळाले. त्या खोक्याभोवती काय होते त्याची यादी अहवाल मन लावून देतो: मोडून पडलेला कुत्र्याचा पिंजरा, कुत्र्याची गादी, बुटांच्या एका कंपनीचे खोके, रिकामी बादली, चिकटपट्टी गुंडाळलेला फुटका दिवा, कुंड्यांत भरायची माती, कृत्रिम सरपण. कागद मात्र २००९च्या त्या वादाचे, ज्यात अफगाणिस्तानात जादा सैन्य पाठवू नये यासाठी उपाध्यक्ष बायडन झगडले आणि हरले. अध्यक्ष ओबामांना त्यांनी स्वहस्ते लांबलचक टिपण पाठवले होते. इतिहास आपल्याला बरोबर ठरवील अशी त्यांची खात्री होती, आणि हे कागद जपण्यामागे तीच खात्री असावी, असे हर मांडतात. हरलेल्या वादाचे पुरावे माणूस किती वर्षे जपतो, हे भाऊबंदकीची कागदपत्रे पाहिलेल्या कुणाही मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

आणि मग अहवाल वळण घेतो. जाणूनबुजून कागद ठेवल्याचा पुरावा आहे, पण तो वाजवी शंकेपलीकडे जात नाही, सबब खटला नको, हा निष्कर्ष. तो पटवण्यासाठी हर ज्युरीच्या नजरेतून बायडन यांच्याकडे पाहू लागतात, आणि तिथे ते प्रसिद्ध चित्र येते: सहानुभूती वाटावी असा, हेतूने चांगला, स्मरणशक्ती कमी झालेला म्हातारा गृहस्थ. या एका वाक्याने अमेरिकेच्या निवडणुकीत काय उलथापालथ केली, त्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा जाईल. मजकूर म्हणून ते वाक्य मला अप्रामाणिक वाटते, आणि त्याची कारणे अहवालाबाहेर, मुलाखतीच्या मूळ उताऱ्यात आहेत. १२ मार्च २०२४ रोजी, हर संसदीय समितीपुढे साक्षीला आले त्या दिवशी, तो उतारा बाहेर आला. मुलगा बो केव्हा वारला हे बायडन यांना काही वर्षांच्या फरकानेसुद्धा आठवले नाही, असे अहवाल म्हणतो. उताऱ्यात बायडन ३० मे ही तारीख स्वतः सांगतात. वर्षाशी अडखळतात आणि बाजूचे लोक ते सांगतात. त्याच मुलाखतीत, घराची रचना ते बारकाईने सांगत असताना, हर स्वतः त्यांच्या स्मरणाला छायाचित्रासारखे म्हणतात. हा शेरा त्या व्यक्तिचित्रात नाही. व्यक्तिचित्र रंगवणारा निवड करतो, हे मान्य. पण कादंबरीकाराची निवड आणि न्यायखात्याच्या अहवालाची निवड यांना एकच माप लावता येत नाही. मुलाखत ८ आणि ९ ऑक्टोबर २०२३ची, हमासच्या हल्ल्याला लागून आलेल्या दोन दिवसांची, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

आरोपपत्राचे गद्य मला या दोहोंत सरस वाटते ते एवढ्याचसाठी. स्मिथ न बोलता जे साधतात ते हर बोलून घालवतात. पण हर यांना एक श्रेय द्यावेच लागेल. आपण हेराचा शोध घेत नाही आहोत, हे त्यांना कळले आहे. रोनाल्ड रेगन अध्यक्षपदावरून उतरताना आपल्या रोजनिशा घरी घेऊन गेले, त्यांत गोपनीय मजकूर होता, सरकारला ते ठाऊक होते आणि त्या खाजगी मानल्या गेल्या, हा दाखला ते पुढे करतात. त्या रोजनिशा २००७ साली छापूनही आल्या, सुरक्षेच्या कारणाने काही भाग गाळून.

रोजनिशी कुणाची, हा प्रश्न अमेरिकेत वरवर सुटलेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन आपले कागद घरी, माउंट व्हर्ननला, घेऊन गेले तेव्हापासून अध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता समजली जाई. निक्सन यांनी आपल्या ध्वनिफितींवर हक्क सांगितला तेव्हा काँग्रेसने १९७४ साली कायदा करून त्या ताब्यात घेतल्या, आणि १९७८च्या अध्यक्षीय अभिलेख कायद्याने पुढच्या सगळ्या अध्यक्षांचे कागद जनतेचे ठरवले. गंमत अशी की निक्सन यांच्या वारसांना त्या जप्तीपोटी २००० साली सरकारने १ कोटी ८० लाख डॉलर मोजले. १९७८च्या कायद्यात कागद परत न देणाऱ्याला शिक्षाच नाही. म्हणून अभियोक्त्याला साठ वर्षे मागे, १९१७च्या युद्धकायद्याकडे जावे लागते. घरमालकाचा वाद मिटवायला दरोड्याचे कलम लावल्यासारखे हे आहे. ट्रम्प यांच्या खटल्यात वजन आले ते कागद ठेवल्यामुळे कमी आणि लपवल्यामुळे जास्त. १५ खोकी त्यांनी जानेवारी २०२२मध्ये अभिलेखागाराला परत केली, त्यांतल्या १९७ गोपनीय कागदांपैकी बेडमिन्स्टरच्या त्या एका आराखड्याखेरीज कशाबद्दलही आरोप ठेवलेला नाही. मे महिन्यात न्यायालयीन आदेश आल्यावर ३८ कागद देऊन 'एवढेच' म्हणून सांगितले गेले आणि ऑगस्टच्या झडतीत आणखी १०२ सापडले. आरोपांची धार या दुसऱ्या टप्प्याला आहे. उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या इंडियानातल्या घरीही जानेवारी २०२३मध्ये काही कागद मिळाले. त्यांनी आपणहून कळवले, आणि जूनमध्ये प्रकरण बंद झाले.

आत्मचरित्राच्या सूत्रात हिलरी क्लिंटन बसत नाहीत. तिथे इतिहासासाठी कागद जपण्याचा प्रश्नच नव्हता. खाजगी सर्व्हरमुळे परराष्ट्रमंत्र्यांचा पत्रव्यवहार अभिलेखागाराच्या बाहेरच राहत होता. तरी त्या प्रकरणातला एक पाठभेद इथे नोंदवलाच पाहिजे. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलै २०१६ रोजी निवेदन केले. त्याच्या आधीच्या मसुद्यात 'घोर निष्काळजीपणा' हे शब्द होते. १९१७च्या कायद्यातल्या एका पोटकलमाचे हे अगदी तंतोतंत शब्द, आणि त्या पोटकलमाला 'जाणूनबुजून'ची अट नाही. अंतिम पाठात त्यांच्या जागी 'पराकोटीचा बेफिकीरपणा' आला. अर्थ जवळजवळ तोच, पण पहिला शब्द तुरुंगाच्या दारापर्यंत नेतो आणि दुसरा नुसता कान उपटतो. भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठभेद जुळवणाऱ्यांनी एका शब्दासाठी पाने भरली आहेत. एका शब्दावर काय काय अवलंबून असू शकते, याचे इतके ताजे उदाहरण त्यांनाही आवडले असते.

बाकीच्यांत मात्र सूत्र पुन्हा पुन्हा दिसते. सेनापती आणि नंतर सीआयएचे संचालक झालेले डेव्हिड पेट्रेअस यांच्याकडे स्वतःच्या हस्ताक्षरातल्या आठ काळ्या वह्या होत्या. त्यांत युद्धनीतीपासून गुप्त अधिकाऱ्यांच्या ओळखीपर्यंत सारे होते. त्या त्यांनी दिल्या आपल्या चरित्रलेखिकेला. वह्यांतले गोपनीय काही पुस्तकात आले नाही, हे सरकारनेही मान्य केले. एफबीआयशी ते खोटे बोलले होते, तरी २०१५ साली एक किरकोळ गुन्हा कबूल करून दोन वर्षांची देखरेख आणि १ लाख डॉलर दंड यावर सुटले. क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सँडी बर्गर ११ सप्टेंबरच्या आयोगापुढील साक्षीची तयारी करायला राष्ट्रीय अभिलेखागारात गेले आणि एका अहवालाच्या प्रती घेऊन बाहेर पडले; पाचपैकी तीन त्यांनी आपल्या कार्यालयात कात्रीने कापून टाकल्या. आपला कारभार इतिहासात कसा दिसेल, ही भीती इथेही कागदाशी खेळते. त्यांना ५० हजार डॉलर दंड, शंभर तास समाजसेवा आणि दोन वर्षे देखरेख. ऑक्टोबर २०२५मध्ये ट्रम्प यांचेच माजी सल्लागार जॉन बोल्टन यांच्यावर १८ आरोपांचे आरोपपत्र दाखल झाले. त्यातही मुख्य वस्तू म्हणजे कामाच्या दिवसांच्या, रोजनिशीसारख्या नोंदी.

ज्यांना स्वतःचे चरित्र लिहायचे नसते, त्यांचे काय होते? ट्रम्प यांच्यावर आरोपपत्र दाखल झाल्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा कॅन्सस सिटीतल्या एफबीआयच्या एका विश्लेषक महिलेला गोपनीय कागद घरी ठेवल्याबद्दल ४६ महिन्यांची कैद झाली. त्याआधी २०१८मध्ये रिअ‍ॅलिटी विनर या पंचविशीच्या आतबाहेरच्या भाषांतरकार तरुणीला एका अहवालाची एक प्रत पत्रकारांना पाठवल्याबद्दल ६३ महिने मिळाले. जॅक टेशेरा या हवाई दलाच्या राखीव पोऱ्याने खेळगड्यांच्या इंटरनेटवरच्या अड्ड्यात कागद टाकले, त्याला २०२४ साली १५ वर्षे. टेशेरा आणि पेट्रेअस यांचे गुन्हे एकसारखे नाहीत, हे उघड आहे. एकाचे कागद जगभर पसरले, दुसऱ्याच्या वह्या टेबलाच्या खणात राहिल्या. पण विश्लेषक महिलेची आणि नेत्यांची तुलना टाळता येत नाही. तिनेही कागद घरीच ठेवले होते. तिच्या हेतूचे आकर्षक व्यक्तिचित्र काढायला साडेतीनशे पानांची मुभा कुणाला दिली गेली नाही. नेता असला की कायद्याला त्याच्या स्वभावात रस निर्माण होतो. कारकून असला की शिक्का पुरतो.

स्वभावाचे हे प्रकरण आपल्या उपखंडात तर कायद्याच्या मजकुरातच लिहिलेले आहे. ब्रिटिशांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते अधिनियम भारतात आजही लागू आहे आणि पाकिस्ताननेही तोच वारशाने घेतला. त्याच्या तिसऱ्या कलमातली तरतूद अशी की, राष्ट्राला बाधक असे एखादे विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही तरी परिस्थिती, वर्तन किंवा आरोपीचा 'ज्ञात स्वभाव' यांवरून त्याचा हेतू बाधक होता असे दिसले, तर त्याला दोषी धरता येईल. परक्या प्रजेवर राज्य करणाऱ्यांना प्रजेचा स्वभाव आधीच ठाऊक असतो. सिद्ध करायचे उरते काय? या अधिनियमाखाली पाकिस्तानात माजी पंतप्रधान इम्रान खान यांना ३० जानेवारी २०२४ रोजी, निवडणुकीला दहा दिवसही उरले नसताना, दहा वर्षांची शिक्षा झाली. खटला चालला अडियाला तुरुंगाच्या आत. वॉशिंग्टनमधल्या राजदूताकडून आलेल्या गुप्त तारेचा त्यांनी राजकीय उपयोग केला, हा आरोप. २७ मार्च २०२२च्या इस्लामाबादच्या सभेत त्यांनी खिशातून काढून हवेत नाचवलेला कागद साऱ्या जगाने पाहिला होता. ३ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अमेरिकेत नेत्याच्या मनाचा शोध घेता घेता कायदा थकला. इथे त्याने शोधच घेतला नाही, आणि म्हणून निकाल वरच्या न्यायालयात टिकला नाही.

भारतात या अधिनियमाची झळ पत्रकारांना आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांना बसत आली. अधिकाऱ्यांच्या आत्मचरित्रांसाठी तर वेगळी व्यवस्था आहे: ३१ मे २०२१च्या सुधारित निवृत्तिवेतन नियमांनुसार गुप्तवार्ता आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाविषयी लिहायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर निवृत्तिवेतन थांबू शकते. मंत्र्याचे निवृत्तिवेतन या नियमात येत नाही. मंत्री लिहितो तेव्हा त्याच्या मनात काय आड येते, हे कळायला आपल्याकडे एकच अप्रतिम उदाहरण आहे. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' १९४६पाशी थांबते. ज्या वर्षांत ते संरक्षणमंत्री होते, ती वर्षे त्यांच्या आत्मचरित्रात आलीच नाहीत. पण १९६५च्या युद्धकाळात ते रोजनिशी लिहीत होते. त्यांचे एकेकाळचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ साली, चव्हाणांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, इंग्रजीत ग्रंथरूपाने पुढे आणली. लष्करप्रमुखांशी रात्री झालेली बोलणी, पंतप्रधान शास्त्रींची मनःस्थिती, आघाडीवरची चलबिचल, हे सगळे त्यामुळे आपल्याला कळले. दुसरीकडे, १९६२च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल त्याच चव्हाणांच्या कारकिर्दीत १९६३ साली सादर झाला आणि सरकारी कपाटात तो अजून बंदच आहे. एकाच मंत्र्याच्या मेजावरून गेलेले हे दोन मजकूर. घरी राहिला तो आपल्याला वाचायला मिळाला. कपाटात गेला त्याचा मोठा भाग वाचायला मिळाला तो एका परदेशी पत्रकाराने आपल्याजवळची प्रत २०१४ साली इंटरनेटवर टाकली म्हणून. गोपनीयतेच्या कायद्याच्या बाजूने बोलताना माझी जीभ अडखळते ती इथे. नेते कागद घरी नेत नसते तर इतिहासाच्या अभ्यासकाचे कोठार निम्मे रिकामे राहिले असते, आणि तरीही बेडमिन्स्टरच्या त्या खोलीत फडफडवलेल्या युद्धाच्या आराखड्याला हा युक्तिवाद लागू होत नाही.

त्या आराखड्याचा खटला उभाच राहिला नाही. १५ जुलै २०२४ रोजी न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी ९३ पानांच्या आदेशाने आरोपपत्र रद्द केले. स्मिथ यांची नेमणूकच घटनेला धरून नव्हती, हे कारण. 'जाणूनबुजून' या शब्दाला ज्युरी कधी भिडलीच नाही. ट्रम्प निवडून आल्यावर नोव्हेंबरात त्यांच्याविरुद्धचे अपील मागे घेतले गेले, आणि जानेवारी २०२५मध्ये उरलेल्या दोन सहआरोपींविरुद्धचेही. ते दोघे ट्रम्प यांचे नोकर होते. स्मिथ यांच्या अंतिम अहवालाचा या प्रकरणावरचा खंड उघड करायला त्याच महिन्यात न्यायाधीशांनी मनाई केली. फेब्रुवारीच्या अखेरीस एफबीआयने झडतीत नेलेली खोकी परत दिली आणि ती अध्यक्षांच्या विमानातून फ्लोरिडाला गेली. पुढेमागे ती आपल्या अध्यक्षीय ग्रंथालयात ठेवली जातील, असे ट्रम्प यांनी त्याच दिवशी जाहीर केले.